पुन्हा भेट द्यावी

३ मार्च

खतवाल्याने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली, कारण आज लिहिण्यासारखं काहीतरी घडलं. पेपरात बातमी आहे की शेत न नांगरण्याचे सरकार पैसे देणार. दोनदा वाचली. खरंच तसंच आहे. तुरेवाली टिटवी नावाचा पक्षी कमी होत चाललाय. तो उघड्या शेतात जमिनीवरच अंडी घालतो आणि नांगर फिरला की अंडी जातात. ज्याच्या शेतात ही टिटवी असेल त्याने पिल्लं मोठी होईपर्यंत शेताला हात लावायचा नाही, आणि त्याबद्दल दर वर्षी अनुदान. मी आमच्या पाणथळाला अकरा वर्षं हात लावलेला नाही. तेही फुकट.

बेबीला बातमी वाचून दाखवली. बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण. वय सत्तेचाळीस, पण घरात नाव पडलं ते पडलं. ती शिवणाच्या मशीनवर बसली होती. पाय न थांबवता म्हणाली, "पण दादा, आपल्याकडे टिटवी कुठे आहे?"

हा प्रश्न तांत्रिक आहे.

६ मार्च

पलीकडचा गोठेवाला आज पुन्हा आला. त्याला पाणथळ विकत हवंय. त्यात भर घालून नवा गोठा बांधायचाय म्हणे. "मे अखेरपर्यंत सांग," म्हणाला. "नुसता चिखल आहे. तुझ्या काय कामाचा?"

कामाचा नाही हे खरं. पण वडील संध्याकाळी त्याच बांधावर पाय सोडून बसायचे, आणि त्यांना काही विचारायचं असलं की आम्ही तिथेच जायचो. बेबी म्हणते, तिचा अर्धा हिस्सा आहे आणि तिला तो चिखल म्हणूनच हवा. आता चिखलाने स्वतःचं पोट स्वतः भरावं एवढीच माझी अपेक्षा आहे.

१२ मार्च

अर्ज भरला. 'पक्षी प्रथम कधी दिसला?' या रकान्यात 'लहानपणी' असं लिहिलं. कुणाच्या लहानपणी ते त्यांनी विचारलेलं नाही.

खात्याच्या वेबसाइटवर टिटवीचा आवाज आहे, तो फोनमध्ये उतरवून घेतला. सव्वा मिनिटाचा. शेवटी कुणीतरी खोकतं. ते कापायला गेलो तर टिटवीच कापली गेली, म्हणून राहू दिलं. बेबीचा गाणी ऐकायचा छोटा स्पीकर बांधावरच्या झुडपात, बादली उपडी घालून तिच्याखाली ठेवलाय. फोन माझ्या खिशात. बटण दाबलं की झुडूप बोलतं.

बेबीला सांगितलं, स्पीकर बिघडलाय, दुरुस्तीला दिलाय. "बरं," म्हणाली. ती फार प्रश्न विचारत नाही, हा तिचा मोठा गुण.

१८ मार्च

पाहणी झाली. पार पडली म्हणावी लागेल.

खात्यातून एक साहेब आले. पन्नाशीचे, उंच, गळ्यात दुर्बीण, अंगावर जाकीट. चिखल बघून जाकीट काढलं आणि आमच्या पुढच्या खोलीतल्या खुंटीला अडकवलं. पाणथळाच्या कडेला आम्ही दोघं उभे राहिलो. मी खिशात हात घातला. झुडपातून टिटवी ओरडली. साहेबांनी मान वळवली. मी म्हणालो, "बघा, तुमचं स्वागत करतेय."

तेवढ्यात मावशीचा फोन आला. मावशीला फोन करायला हीच वेळ सापडते. झुडूप वाजायला लागलं. घाबरून मी खिशातल्या खिशात काहीतरी दाबलं, तो फोन उचललाच गेला. झुडपातून मावशी म्हणाली, "काय रे, जेवलास का? त्या गुडघ्याला तेल लावतोस की नाही?"

मी मोठ्याने खोकलो. साहेब झुडपाकडे बघत होते.

"तुमच्या शेतात बरीच वर्दळ दिसते," ते म्हणाले.

"बांधापलीकडे शेजारीण असते. आवाज मोठा आहे तिचा."

"तुमच्या गुडघ्याची फार काळजी आहे तिला."

"मायाळू आहे," मी म्हणालो. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. माणूस भोळा आहे. अशा माणसाला फसवताना जरा वाईटही वाटलं.

परत आल्यावर बेबीने चहा दिला. साहेबांच्या जाकिटाचं एक बटण लोंबत होतं, ते तिने चटकन लावून दिलं. सरकारी माणसावर छाप पडली असणार.

२५ मार्च

साहेब पुन्हा आले. अर्ज मंजूर होण्याआधी पक्षी 'प्रत्यक्ष दिसला' अशी नोंद लागते म्हणे. आवाज पुरत नाही. मी म्हणालो, आमची टिटवी लाजरी आहे. ते म्हणाले, "येत राहीन."

हे काही ठीक वाटत नाही.

२ एप्रिल

आठवड्यात दुसऱ्यांदा. त्यांना नक्की संशय आलाय. पाणथळात जेमतेम दहा मिनिटं उभे राहतात आणि मग घरात येऊन तासभर बसतात. ही चौकशीची जुनी पद्धत आहे. माणसाला बोलतं करायचं आणि तोंडून काढून घ्यायचं. मला तर ते काहीच विचारत नाहीत, सगळं बेबीला विचारतात. लहानपणी काय खेळायचात, शिवण कुठे शिकलात, समुद्र बघितलाय का. टिटवीचा समुद्राशी काय संबंध?

मी बेबीला बाजूला घेऊन म्हणालो, "त्यांच्याशी जपून बोल."

"जपूनच बोलते," ती म्हणाली. तिने नवा निळा ड्रेस घातला होता. स्वतःच्या अंगावरचं ती कधी शिवत नाही, सगळं गिऱ्हाइकांचं. म्हटलं, कुणीतरी न्यायला विसरलं असेल.

एक नोंद करून ठेवतो. सरकारी जाकिटं फार निकृष्ट असतात. दर खेपेला बटण तुटतं. आज दोन तुटली.

१० एप्रिल

सकाळी सात वाजता बांधावर होतो. सराव राहावा म्हणून मी रोज सकाळी थोडा वेळ रेकॉर्डिंग वाजवतो. आज बटण दाबायला खिशात हात घातला तर फोनच नाही. घरी चार्जिंगला लावून आलो होतो.

आणि टिटवी ओरडत होती.

बादली उचलून बघितली. स्पीकर बंद. मान वर केली तर दोन पक्षी. पाठ हिरवट काळी, पोट पांढरं, डोक्यावर बारीक तुरा, वर वळलेला. हवेत असे गोते खात होते की आता पडतात की काय. मग पाण्याच्या कडेला उतरले आणि शेतमालकासारखे इकडून तिकडे फिरले.

मी तिथेच बसलो. पँट ओली झाली. नऊ वाजता बेबी शोधत आली.

"दादा, काय झालं?"

"आल्या," मी म्हणालो. "बेबी, त्या खरंच आल्यात."

तीही शेजारी बसली. तिने नवल केलं नाही की 'खरंच' म्हणजे काय असं विचारलंही नाही. तिचा तो गुण मी आधी लिहिलेलाच आहे.

१३ एप्रिल

नवी अडचण. खऱ्या टिटव्या रेकॉर्डिंगसारख्या ओरडत नाहीत. आवाज जरा घोगरा आहे, आणि त्या मधूनच थांबतात. साहेबांना आधीच्या टिटवीची सवय झालीय. फरक कळला तर? म्हणून आज खबरदारी म्हणून दोन्ही चालू ठेवलं.

साहेबांनी पक्षी बघितले आणि दुर्बीण खाली घेतली. डोळे पाणावले होते की वारं होतं, सांगता येत नाही. मग म्हणाले, "या दोन आहेत. तिसरी झुडपात आहे ती?"

"ती आजारी असते," मी म्हणालो.

"तिला जरा विश्रांती द्या," ते म्हणाले.

स्पीकर घरी आणला. बेबीला सांगितलं, दुरुस्त होऊन आला. "चिखलात दुरुस्त करतात वाटतं," म्हणाली आणि ओल्या फडक्याने पुसून ठेवला.

२१ एप्रिल

आज माझी शुद्ध फसवणूक झाली.

बांधावरून चाललो होतो तर एक टिटवी समोर पडली. एक पंख ओढत, लंगडत. मी सदरा काढला, तिला त्यात गुंडाळून गुरांच्या डॉक्टरकडे न्यावं म्हणून. मी एक पाऊल पुढे टाकलं की ती दोन पावलं सरकायची. तसं करत करत तिने मला पार कालव्यापर्यंत नेलं. तिथे पंख झाडले आणि उडून गेली. ठणठणीत.

संध्याकाळी साहेबांना फोन केला. ते हसले. म्हणाले, घरट्याजवळ कुणी आलं की ती असं सोंग करते. तुम्हाला घरट्यापासून लांब नेलं तिने.

"इतक्या सफाईने मला आजवर कुणी फसवलं नव्हतं," मी म्हणालो.

मग ते म्हणाले, "तसं नसेल."

म्हणजे घरटं आहे.

२२ एप्रिल

घरटं सापडलं. घरटं कसलं, गाईच्या खुरासारखा खळगा. त्यात चार अंडी, मातीच्याच रंगाची, टोकं आत करून ठेवलेली. मी नाकासमोर बघत होतो तरी दिसायला वेळ लागला.

फक्त एकच गोष्ट. ती बांधाच्या पलीकडे आहेत. तीन फूट. गोठेवाल्याच्या शेतात.

मी दीड महिना हिला बोलावतोय. चिखल माझा, किडे माझे, आवाजही माझाच म्हणायचा. आणि संसार थाटला तो त्याच्याकडे.

२५ एप्रिल

गोठेवाला सोमवारी नांगरणार आहे. वैरणीचा मका पेरायचाय. मी त्याला अंडी दाखवली. खाली वाकून बघितली आणि म्हणाला, "माझ्या शेतात अंडी आणि पोटात तुझ्या दुखतंय?"

"चार आठवडे थांब. सरकार अनुदान देतं. अर्ज करायचा."

"मी अर्ज करत नाही. गेल्या खेपेला वीजमीटरचा अर्ज केला होता, तो अजून चाललाय. सोमवारी सकाळी आठ."

जेवताना अर्धी भाकरी तशीच ठेवली. अनुदान त्याला मिळेल म्हणून नाही. तसं असतं तर बरं झालं असतं; तसल्या दुःखाची मला सवय आहे. पण सारखा तो खळगाच डोळ्यांपुढे येतोय. बेबीने विचारलं, "मग आता काय करणार?"

"उद्या रविवार असला तरी साहेबांना गाठतो. खरं सांगून टाकतो."

तिने वाटीत वाढता वाढता हात थांबवला. म्हणाली, "सांग. ते रागावणार नाहीत."

हिला काय माहीत?

२६ एप्रिल

साहेब सुटीच्या दिवशीही कार्यालयात सापडले. लहानशी खोली, भिंतीवर नकाशे, टेबलावर फाइली. मी उभ्याउभ्याच म्हणालो, "माझा अर्ज रद्द करा आणि गोठेवाल्याच्या नावावर करा. माझ्याकडे टिटवी नव्हती. ते रेकॉर्डिंग होतं."

"बसा," ते म्हणाले. "झुडपातल्या मावशी बऱ्या आहेत ना?"

मी बसलो.

"त्या रेकॉर्डिंगच्या शेवटी जो खोकतो ना," ते म्हणाले, "तो मी आहे. सहा वर्षांपूर्वी मीच तो आवाज टिपला. तेव्हा पडसं झालं होतं."

त्यांनी फाइल माझ्यापुढे ढकलली. नऊ भेटींचे नऊ अहवाल. पहिल्या सहांत एकच मजकूर: 'पक्षी आढळला नाही. जागा उत्तम. पुन्हा भेट द्यावी.' पुढच्या तिन्हींत 'पक्षी आढळला', पण शेवटची ओळ तीच. एक शब्दही खोटा लिहिलेला नव्हता. म्हणजे दीड महिना मी ज्यांना फसवत होतो ते फसतच नव्हते. फार अपमान वाटला.

"मग पहिल्याच दिवशी अर्ज का फेटाळला नाहीत? जागा इतकी उत्तम आहे?"

ते जाकिटाच्या बटणाशी चाळा करत म्हणाले, "जागा फारच चांगली आहे."

पाणथळाची एवढी कदर करणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

पण कामाचं म्हणाल तर हात रिकामेच. योजना ऐच्छिक आहे. मालकाने स्वतः सही केली तरच. नांगर थांबवायचा अधिकार त्यांना नाही. म्हणाले, "त्याचं मन वळवा. तुम्हाला जमेल. तुमच्याकडे कल्पनांची कमतरता नाही."

२७ एप्रिल

सात वाजता प्लास्टिकची खुर्ची घेऊन गेलो आणि घरट्यापासून वीस पावलांवर मांडून बसलो. जवळ बसलो तर टिटवी अंड्यांवर येत नाही. आठला ट्रॅक्टर आला.

"खुर्ची उचल," गोठेवाला म्हणाला.

"नाही उचलत."

"मी तुझ्या शेतात येऊन असा बसलो असतो तर?"

"तू आजवर बसला नाहीस, ते तुझं चुकलं. बसून बघ, छान वाटतं."

त्याने ट्रॅक्टर वळवला आणि माझ्या बाजूने फेरा घेऊन घरट्याच्या अंगाने आला. माझा गुडघा वेळेवर उठला नाही. खुर्चीसकट आडवा झालो. मान वर करून बघितलं तर ट्रॅक्टर थांबलेला. त्याच्या पुढच्या चाकासमोर टिटवी उभी होती. सोंग नाही, पंख ओढणं नाही. दोन्ही पंख पसरून, तुरा ताठ करून, एवढीशी, त्या लोखंडावर ओरडत होती.

गोठेवाल्याने इंजिन बंद केलं. मग तिचा आवाज जास्तच मोठा वाटायला लागला.

"हिला घाबरायचं कळत नाही का?" तो म्हणाला.

"आत अंडी आहेत."

तो बराच वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. मग खाली उतरला, मला हात देऊन उठवलं, कुंपणाच्या चार काठ्या आणल्या आणि घरट्याभोवती लांबून रोवल्या. तेवढा तुकडा सोडून बाकी शेत नांगरलं. प्रत्येक फेऱ्याला तिथे आला की गती कमी करायचा, जशी काही आत त्याची गायच व्यायलीय.

दुपारी त्याचा अर्ज मी भरला. 'पक्षी प्रथम कधी दिसला?' त्याने सांगितलं, "लिही, आज. आधी बघितलाच नव्हता."

३० एप्रिल

साहेब आले होते. गोठेवाल्याच्या काठ्या बघून खूश झाले. ते गेल्यावर मी बेबीला म्हणालो, "बघ, सगळं निस्तरलं. आता त्यांना इतकं यायची गरज नाही. तुझाही बटणांचा त्रास वाचेल."

तिने मशीन थांबवलं. ती मशीन थांबवून बोलत नाही कधी.

"दादा, मी त्या जाकिटाला आजवर अकरा बटणं लावली."

"तेच म्हणतोय मी, माल निकृष्ट."

"त्यातली नऊ मीच तोडली होती. ते पाणथळात जायचे आणि जाकीट खुंटीवर असायचं."

मला आधी वाटलं, ती त्यांना अडकवून ठेवून मला मदत करत होती. तसं मी म्हणालोही. तिने माझ्याकडे असं बघितलं की सत्तेचाळीस वर्षांत तसं बघितलं नव्हतं.

"ते एकटे असतात," ती म्हणाली. "बायको जाऊन आठ वर्षं झाली. त्यांनी विचारलंय. मी हो म्हटलंय. तुला कळलं असेल असं वाटलं होतं मला. गोठेवाल्याला कळलं. मावशीला फोनवर कळलं."

"मावशीला?"

"तिने त्या दिवशी झुडपातून त्यांचा आवाज ऐकला. म्हणाली, माणूस चांगला वाटतो."

मी बाहेर जाऊन बांधावर बसलो. तास दीड तास तरी. आई आजारी होती ती पाच वर्षं बेबीने काढली. नंतर वडील, नंतर माझा गुडघा. तिला समुद्र बघायचाय हे मला माहीतच नव्हतं, आणि ते साहेबांनी पंधरा दिवसांत विचारून घेतलं. आत येऊन म्हणालो, "निळा ड्रेस तुझाच होता तर."

"हो."

"चांगला दिसतो," मी म्हणालो. हे महिन्याभरापूर्वी म्हणायला हवं होतं.

१७ मे

पिल्लं बाहेर आली. चारही. अंगावरची लव सुकली नाही तोच चालायला लागली. गोठेवाला, मी, बेबी आणि साहेब, चौघं पोटावर झोपून बघत होतो. आई पुढे, पिल्लं मागे, काठ्यांमधून बाहेर, नांगरलेल्या ढेकळांवरून धडपडत, बांधावरून घरंगळत थेट आमच्या पाणथळात. तिथे किडे आहेत. साहेब म्हणाले, अंडी कोरड्यात आणि पिल्लं ओल्यात, दोन्ही शेतं लागतात त्यांना.

गोठेवाला म्हणाला, "राहू दे तुझा चिखल. माझ्या टिटव्या जेवायला कुठे जाणार?"

माझ्या, म्हणाला. सोडून दिलं.

घरी आल्यावर साहेब म्हणाले, पाणथळासाठी नवा अर्ज करा, आता मिळेल. फक्त पाहणी त्यांना करता येणार नाही. अर्जदार नात्यातला होणार असेल तर सही चालत नाही. वरून मॅडम येतील. मी सहज म्हणालो, लग्न महिनाभर पुढे ढकललं तर. बेबीच्या हातात नेमकी कात्री होती. विषय संपला. पाच जूनला, शुक्रवारी, नोंदणी आहे.

२६ मे

मॅडम आल्या. करड्या केसांच्या, कडक. स्पीकर घरात कपाटात, फोनही घरी ठेवला होता. जन्मात प्रथमच मी खरं बोलायला पूर्ण तयार होऊन उभा होतो, आणि पाणथळात चिटपाखरू नव्हतं. आवाज नाही, हालचाल नाही. वर एक ससाणा फिरत होता, त्यामुळे सगळं चिडीचूप.

"पक्षी कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं.

"आहेत."

"मागच्या अर्जाची फाइल मी वाचलीय," त्या म्हणाल्या आणि पुढे पाऊल टाकायला पाय उचलला.

"मॅडम, पाय खाली ठेवू नका," मी म्हणालो. "हलू नका."

त्यांच्या पायाखाली, वीतभर अंतरावर, एक पिल्लू मातीला चिकटून बसलं होतं. एक डोळा उघडा. दुसरं त्यांच्या टेकलेल्या बुटाला लागून होतं. मॅडमनी खाली बघितलं. पाय तसाच हवेत राहिला. मी त्यांच्या कोपराला आधार दिला. दुसरा काही इलाज नव्हता.

बराच वेळ गेला. ससाणा जाईना. मग मॅडमनी त्याच स्थितीत वही उघडली आणि कुजबुजत अर्जातले प्रश्न विचारायला सुरुवात केली. जमीन किती? मी कुजबुजत सांगितलं. पाणी वर्षात किती महिने? नऊ. शेवटचं कधी नांगरलं? अकरा वर्षांपूर्वी. एकही उत्तर रचावं लागलं नाही. जरा चुकल्यासारखं वाटलं.

"घरात माणसं किती?"

"दोन," मी म्हणालो.

घराकडून मशीनचा आवाज येत होता. बेबी पाच तारखेचे कपडे शिवत होती.

"पाच जूनपासून एक," मी म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मग वहीत आधीचा आकडा खोडून नवा लिहिला, आणि माझ्या हातावर कोपर जरा घट्ट टेकवलं. ससाणा कालव्याकडे वळला. पिल्लू उठलं, अंग झाडलं आणि आम्हा दोघांकडे ढुंकूनही न बघता पाण्याकडे चालू लागलं.